हातातली क्रोमो

क्लातेनच्या आसपास कुणाचंही लग्न निघालं की तारखेच्याही आधी विचारणा व्हायची ती म्बाह हार्जोंची, म्हणजे हार्जोआजोबांची. चाळीस वर्षं त्यांनी मांडवात उभं राहून माइकवरून क्रोमो बोलण्याचं काम केलं. क्रोमो म्हणजे जावाच्या भाषेतली अदबीची बोली. न्गोको ही घरातली, दोस्तांची, कोंबड्या हाकायची. न्गोकोत माणूस खातो, झोपतो, जातो. क्रोमोत तोच माणूस भोजन घेतो, शयन करतो, प्रयाण करतो. आणि या सगळ्यात एक बारीक खोच आहे: मान समोरच्याला द्यायचा, स्वतःला कधीच नाही. भलेभले इथं आपटतात. म्बाहंचा शिष्य सुजिमान एकदा भर मांडवात "मी आपल्यापुढे अवतीर्ण झालो आहे" असं बोलून गेला. त्याला बारा वर्षं झाली, पण अजूनही तो दारात दिसला की म्बाह हात जोडून म्हणत, "या, अवतरा."

आताची पोरं इंडोनेशियन बोलतात. त्या भाषेत सगळ्यांना एकच माप, साहेबालाही आणि शिपायालाही. क्रोमो बोलायची वेळ आली की मोबाइलमध्ये बघून वाचतात, आणि तेही अडखळत. म्बाहंना हे फार लागत असे. आपल्यामागे ही बोली आपल्याबरोबरच मातीत जाणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

अशा माणसाच्या घरात नात जन्मली ती ठार बहिरी. पालुपी तिचं नाव. सत्तावीस वर्षांची, जोगजा शहरात मैत्रिणींबरोबर शिवणाचं दुकान चालवणारी, हसरी आणि हट्टी. म्बाहंचा तिच्यावर जीव नव्हता असं नाही, बोलणं नव्हतं. तिला ओठांवरून कळावं म्हणून ते तोंड मोठं करून एकेक शब्द टाकत. खा. बस. ये. जा. लहानांशी न्गोकोच बोलायची असते, त्यात वावगं काही नाही. पण बाकीची नातवंडं उलट मोडकीतोडकी का होईना क्रोमो बोलत आणि म्हातारा सुखावत असे. पालुपीकडून उलट यायची ती नुसती बोटं, आणि बोटांत कसला आलाय मानपान, असं त्यांचं पक्कं मत होतं.

पालुपीच्या लग्नाला दहा दिवस उरले असताना तिची आई वुर्यानी सकाळचा चहा घेऊन ओसरीवर आली. ग्लासावर झाकण ठेवलं आणि तिथंच उभी राहिली. सून अशी उभी राहिली की काहीतरी मागणं असतं, हे म्बाहंना ठाऊक होतं.

"बापक, सुंकमच्या वेळी पालुपी स्वतः बोलणार म्हणते."

सुंकम म्हणजे नवरीनं आईबापाच्या गुडघ्याशी बसायचं, डोकं टेकायचं, आजवरच्या चुकांची क्षमा मागायची आणि आशीर्वाद घ्यायचा. पालुपीचा बाप जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच्या खुर्चीत म्बाह बसणार, हे न बोलता ठरलेलं होतं.

"बोलणार? ती कशी बोलणार?"

"हातांनी."

"सुजिमान बोलेल ना तिच्या वतीनं. मजकूर मी लिहून दिलाय त्याला, दोनदा तपासलाय."

"ती म्हणते, चुका माझ्या, मग माफी सुजिमानकाकानं का मागायची?"

एरवी म्बाह या वाक्यावर हसले असते. त्या सकाळी त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अगं, चारशे माणसं बसणार समोर! हार्जोची नात हार्जोच्याच गुडघ्याशी बसून ‘ए म्हाताऱ्या, माफ कर’ असं म्हणणार? हातांना क्रोमो कुठून येणार?"

"चारशे माणसांना थोडंच कळणार आहे ती काय म्हणाली ते?"

"मला कळेल!"

"तुम्हाला?" वुर्यानी कधी तोंडाला तोंड देत नसे, पण आज देऊन गेली. "बापक, तुम्हाला तर तिचं ‘भूक लागली’ एवढंही कळत नाही."

म्बाहंना तोंडात मारल्यासारखं झालं. मग माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, आणखी ताणलं. "मग मी बसतच नाही त्या खुर्चीत. तुझ्या भावाला बसव."

"माझ्या भावाचं काय काम तिथं? ती तुमच्या मुलाची खुर्ची आहे," वुर्यानी म्हणाली आणि आत निघून गेली. चहा झाकणाखाली निवून गेला.

सहा दिवस म्बाह खुर्चीबद्दल बोलले नाहीत, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. घरात काम एवढं होतं की रुसलेल्या माणसाकडे बघायला सवड नव्हती. सातव्या दिवशी पालुपीच्या मैत्रिणी जोगजाहून आल्या. सगळ्या बहिऱ्या. नारळीच्या कोवळ्या पात्यांच्या माळा विणायला त्या अंगणात गोल करून बसल्या. मांडव घालायला आला होता कास्नो सुतार, पासष्टीचा, तोही जन्माचा बहिरा. म्बाह ओसरीवरून बघत होते. बघण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत होतं अशातला भाग नाही. रुसलेल्या माणसाला बघण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो.

पोरींचे हात सुसाट चालले होते. पात विणता विणता मध्येच हात सुटे व्हायचे, खांद्याच्या वर जायचे, तर्जनी एकमेकींच्या अंगावर रोखली जायची, तू, तू, तू, आणि सगळ्या जणी आवाज न करता हसून लोळायच्या. अंगण गच्च भरलेलं आणि कानाला काही नाही. म्हाताऱ्याच्या मनात आलं, ही आपली न्गोको झाली.

तेवढ्यात पालुपी कास्नोकडे वळली. तिला बहुधा विचारायचं होतं की खांब कुठं रोवणार. आणि तिचे हात खाली आले.

म्बाह आधी काही समजले नाहीत. मग त्यांच्या लक्षात आलं की हात नुसते खाली आले नाहीत, सावकाशही झालेत. डावा तळवा उजव्या मनगटाखाली गेला. तर्जनी मिटली आणि अंगठा पुढे आला. थोरल्या माणसाकडे बोट करायचं नाही, वाट दाखवायची तरी अंगठ्यानं, हे जावातलं शेंबडं पोरही जाणतं. पण हा अंगठा वाट दाखवत नव्हता. हा अंगठा ‘आपण’ म्हणत होता.

योगायोग असेल, म्हणून म्बाह सरसावून बसले. पालुपी पोरींकडे वळली: तर्जनी. कास्नोकडे: अंगठा. पोरींना ‘खा’ म्हणताना पाची बोटं पटकन तोंडाशी. कास्नोपुढे तेंप्याची, सोयाबीनच्या तळलेल्या वड्यांची, बशी धरताना तीच खूण, पण बोटं जुळलेली, मान लवलेली, हात छातीच्या वर नाही. खाणं आणि भोजन घेणं! म्बाह चाळीस वर्षं लोकांची क्रोमो तपासत आले होते. त्यांनी आता हीही तपासायला घेतली, अगदी खडूसपणे, चूक सापडेल म्हणून. तिला स्वतःबद्दल बोलायची वेळ येईल तेव्हा बघू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. सुजिमान आपटला तिथं ही आपटणारच.

ती वेळ आली. पालुपी कास्नोला सांगत होती की मी जेवले. अंगठा नाही. तळवा थोडा वाकवून छातीच्या जरा खाली, आणि ‘जेवले’ची खूण साधी, लहानशी, जवळजवळ लपवलेली. मान सगळा त्या म्हाताऱ्या सुताराला दिला होता आणि स्वतःला कणभर ठेवला नव्हता.

विद्यापीठातले मास्तर जिथं घसरतात तिथून ही पोर चालत गेली होती, आणि तिनं आयुष्यात क्रोमोचा एक शब्द ऐकला नव्हता. म्बाह उठले. चपला न घालताच अंगणात उतरले आणि पोरींच्या गोलाशी जाऊन उभे राहिले. सगळे हात थांबले.

"वुर्यानी!" त्यांनी हाक दिली. "इकडे ये. हिला विचार, हे कुणी शिकवलं?"

वुर्यानी हात पुसत आली. तिनं विचारलं. पालुपीनं आजोबांकडे एकदा नीट पाहिलं, नजर त्यांच्या छातीपर्यंत उतरवली आणि मग हात उचलले.

"ती म्हणते, तुम्ही शिकवलंत," वुर्यानी म्हणाली.

"चुकलीस," म्बाह म्हणाले. "तुम्ही नाही. ती ‘आपण’ म्हणाली. अंगठा बघ तिचा."

वुर्यानी बघतच राहिली. रोज समोर असलेलं तिनंही कधी नीट वाचलं नव्हतं. मग ती शब्द जपून लावू लागली. "ती म्हणते, आपण मला लग्नांना न्यायचात. मी मांडवाच्या कोपऱ्यात बसायची. आपण काय बोलता ते कळायचं नाही. पण गावचा प्रमुख आला की आपली पाठ किती वाकते, शाळेच्या बाई आल्या की किती, भांडी घासणारी म्हातारी आली की आपला अंगठा कसा पुढे होतो, हे सगळं मला पाठ आहे. भेटलो की मी हिला दाखवायची, ही तिच्या आजीचं मला दाखवायची." पालुपीनं शेजारच्या मैत्रिणीकडे तर्जनी केली. "मग आम्ही ते जुळवत गेलो. दहा वर्षं लागली. सासूसाठी हात किती खाली, यावरून आमचं वर्षभर भांडण चाललं होतं."

"मग? काय ठरलं?" म्बाहंनी विचारलं. विचारल्याशिवाय राहवेचना त्यांना.

"कमरेपर्यंत. पण चांगली असेल तरच," वुर्यानीनं सांगितलं, आणि पोरी पुन्हा लोळल्या.

म्बाह हसले नाहीत. ते तिथंच अंगणात, पात्यांच्या ढिगात, मांडी घालून बसले. मातीत जाणार म्हणून त्यांनी जिचं सुतक धरून ठेवलं होतं ती त्यांच्याच घरात, त्यांच्या नाकासमोर, एक मजला आणखी चढून बसली होती. आणि ती त्यांच्यापासूनच गेली होती, त्यांचा आवाज वगळून. ज्या आवाजाचा त्यांना एवढा गर्व, त्याची तिला गरजच पडली नव्हती. त्यांना आनंद झाला, लाजही वाटली, आणि दोन्ही इतकं एकदम की डोळ्यांत पाणी कशाचं आलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या दुपारी त्यांनी सुजिमानला दिलेला मजकूर परत मागवला. सुजिमान म्हणाला, "म्बाह, मग मी त्या वेळी करू काय?"

"गप्प बस," म्बाह म्हणाले. "जमलं तर."

लग्नाच्या दिवशी सकाळी दहाला मांडव भरला. म्बाह मुलाच्या खुर्चीत बसले होते, पाठीला क्रिस, म्हणजे मानाची कट्यार, खोचलेली, डोक्याला पगडी, शेजारी वुर्यानी. पालुपी पुढे आली आणि त्यांच्या गुडघ्याशी बसली. डोकं टेकायचं ते तिनं अजून टेकलं नाही. नजर त्यांच्या गुडघ्यांवर ठेवून तिनं हात मांडीच्या जरासे वर उचलले.

मांडवात चिडीचूप झालं. माइकवाल्या माणसाला शांतता सोसत नाही. सुजिमाननं घसा खाकरलाच. म्बाहंनी त्याच्याकडे न बघता एक हात वर केला. वुर्यानी त्यांच्या कानाशी वाकली.

"सांगू नकोस," म्बाह पुटपुटले. "कळतंय मला."

चार दिवस ते सुनेकडून शिकत होते. सगळं येत नव्हतं, पण हे आलं. आपण. मी, लहानशी. आपण जन्मभर इतकं सुंदर बोललात. मला त्यातलं काहीच ऐकता आलं नाही. ही माझी चूक आहे, पदरात घ्यावी. मग तिनं डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकवलं.

अशा वेळी वडीलधाऱ्यांनी काय म्हणायचं, ते म्बाहंनी चारशे घरांत लोकांच्या तोंडी घातलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. आणि त्यांना दिसलं की तिची नजर खाली आहे. ते जे बोलतील ते तिच्या केसांतल्या मोगऱ्यावर पडणार, तिच्यापर्यंत पोचणारच नाही. तिला दिसेल अशी एकच जागा होती, त्यांच्या गुडघ्यांखालची.

म्बाह वाकले. कुणाही जित्या माणसापुढे ते एवढे वाकले नव्हते. पगडी पुढे सरली, क्रिस खुर्चीच्या पाठीला अडकली, तरी ते वाकले आणि दोन्ही हात त्यांनी तिच्या चेहऱ्याखाली नेले. डावा तळवा उजव्या मनगटाखाली घातला. तर्जनी मिटली, अंगठा पुढे केला. नातीला आजोबा ‘आपण’ म्हणत होते. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना ते दिसलं आणि त्यांच्यात कुजबुज उठली. कास्नो सुतार तर उभाच राहिला.

मग तिनं आत्ताच केलेली ‘चूक’ची खूण म्बाहंनी केली आणि तळवा स्वतःच्या छातीवर, अगदी खाली, लावला. चूक माझी. ते तिथंच थांबले.

पालुपीनं डोकं उचललं. तिचं काजळ फुटलं होतं. तिनं त्यांचा उजवा हात धरला, पुढे आलेला अंगठा हळूच मुठीत मिटवला आणि त्यांची तर्जनी सरळ करून स्वतःकडे वळवली. आजोबांनी मला असं म्हणायचं.

म्बाहंनी त्या बोटाकडे पाहिलं. सत्तावीस वर्षं ते तिच्याशी याच बोलीत बोलत आले होते, कारण तिला याहून जास्त काय कळणार, असं त्यांना वाटत असे. आता तिनंच ती मागितली होती, चारशे माणसांसमोर, आपल्या माणसाची म्हणून.

"तू," म्बाह त्या बोटानं तिला म्हणाले. पुढचं काही त्यांना येत नव्हतं. म्हणून त्यांनी तेच परत म्हटलं, आणि परत.