खालून कापलेला परिच्छेद

पेपरात दर शनिवारी ‘मुके सोबती’ हे सदर लिहायला लागल्यापासून डॉक्टरीणबाईंना घरच्यांच्या शंका जड व्हायला लागल्या होत्या. दिवसभर जनावरांच्या दवाखान्यात उभं राहून थकून यावं, तर दारातच नणंद. वन्सं शेजारच्या घरात राहायच्या. सोबतीला एक म्हातारा कुत्रा आणि कापशी नावाची पांढरीशुभ्र मांजर. आज हिचा कान खाजतोय, उद्या त्याला शिंका येतायत. बाईंनी मग सुटकेचं एक वाक्य शोधून काढलं होतं. “वन्सं, लेखात येणारच आहे ते. सावकाश वाचा ना,” म्हणायचं आणि आत जायचं.

त्या आठवड्यात वन्संनी कुत्र्याच्या गोचिडांचं विचारलं, तेव्हाही हेच झालं.

रविवारी सकाळी दवाखान्याचं दार उघडतंय तोच वन्सं आल्या. छातीशी टॉवेलचं गाठोडं, गाठोड्यात कापशी. अंगभर थरथर, पाय ताठ, तोंडाला फेस.

“काय खाल्लं हिनं?”

“काही नाही गं. तुझंच वाचून केलं. औषध आणलं, काल कुत्र्याच्या मानेवर थेंब टाकले, उरलेले हिच्या मानेवर. म्हटलं, वाया कशाला घालवायचं?”

बाईंनी गाठोडं ओढून घेतलं. “अहो, मांजराला ते विष असतं! लिहिलंय मी तसं. शेवटच्या परिच्छेदात.”

“कुठल्या शेवटच्या?” वन्संनी पिशवीतून पुरवणी काढून टेबलावर टाकली. लेख ‘आणि महिनाभर निर्धास्त राहा’ इथेच संपला होता. त्याखाली गाद्यांची जाहिरात होती.

बाईंनी कापशीला भांड्यांच्या साबणानं धुतलं, झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. थरथर कमी झाली, पुन्हा वाढली. दुपारी ती थांबली, आणि श्वासही थांबला.

वन्सं रडल्या नाहीत. ओला टॉवेल पिळून त्यांनी नीट घडी घातली. “विचारायला आले की तोंड वाकडं व्हायचं तुझं. म्हणून यावेळी शहाण्यासारखं वाचलं.”

सोमवारी बाई पेपरच्या कचेरीत जाऊन पुरवणीच्या संपादकांसमोर बसल्या.

“वाईट झालं हो,” संपादक म्हणाले. “पण जाहिरात ऐनवेळी आली. जागा कमी पडली की खालून कापतात, तुम्हाला काय हे नवीन आहे? मागे तुमचा समारोप उडाला तेव्हा तुम्हीच हसला होतात. म्हणालात, बरं झालं, पाल्हाळच होतं.”

ते खरं होतं. खालचं कापलं जातं हे ठाऊक असूनही जिवावरची गोष्ट बाईंनी खालीच ठेवली होती. सुरुवातीलाच विषाचं नाव काढलं तर वाचणारा पान उलटतो, म्हणून आधी गोड गोड लिहायचं. वाचकांना ते आवडायचं, आणि वाचकांचं आवडणं बाईंना.

“चूक झाली असं छापा,” त्या म्हणाल्या. “त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. कुत्रा आणि मांजर दोन्ही असलेली घरं कमी नाहीत.”

“छापू की. पण बेतानं हं. विष वगैरे नको, औषधवाले अंगावर येतील. मांजर मेलं हे तर नकोच नको. आणि खरं सांगू का, लोकांनी पण जरा डोकं चालवायला हवं. कुत्र्याचं औषध मांजराला लावतात का?”

“डोकं चालवायला जे लागतं तेच आपण कापलं.”

“बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता. चहा सांगू?”

पुढच्या शनिवारी शब्दकोड्याच्या उत्तरांखाली एक ओळ आली: ‘कोणतेही औषध तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरावे.’ मांजराचा उल्लेख नावालाही नव्हता. सदराच्या जागी बाईंचा पोपटांवरचा जुनाच लेख पुन्हा छापला होता, हसऱ्या फोटोसकट.

बाईंनी पेपर बाजूला ठेवला आणि मोठा कागद घेतला. कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका, लावलं असेल तर वाट न बघता घेऊन या, असं ठळक लिहिलं. खाली लिहिलं: ‘पेपरातल्या अपुऱ्या लेखामुळे एका मांजराचा जीव गेला आहे.’ कागद दवाखान्याच्या दारावर चिकटवला.

“काय हो डॉक्टर, दारातच मयताची बातमी?” ससा घेऊन आलेले एक गृहस्थ म्हणाले. “गिऱ्हाईक पळेल ना.”

“पळू दे.”

संध्याकाळी वन्सं कुत्र्याला फिरवत तिथून चालल्या होत्या. आठवडाभर दोघींमध्ये शब्द नव्हता. कागद दिसला तशा त्या थांबल्या आणि बोट फिरवत शेवटपर्यंत वाचून काढला. आत बाकावर चार माणसं आपापली जनावरं घेऊन बसली होती.

“एका मांजराचा?” वन्सं दारातूनच म्हणाल्या. “नाव नव्हतं तिला?”

बाई पेन घेऊन बाहेर आल्या. ‘एका मांजराचा’ खोडून वर ‘कापशीचा’ लिहिलं.

“आणि लेख कोणाचा होता गं?”

बाकावरचे सगळे आता दाराकडेच बघत होते. बाईंचं पेन कागदाशी थबकलं. मग ‘पेपरातल्या’ या शब्दावर त्यांनी आडवी रेघ ओढली आणि वरच्या अरुंद जागेत लिहिलं: ‘मी लिहिलेल्या’.

वन्संनी मान पुढे करून बघितलं.

“अक्षर जरा मोठं काढ,” त्या म्हणाल्या, आणि कुत्र्याचा पट्टा ओढून चालू लागल्या.