एकाच घोंगडीतले दोघे

"ह्यातल्या एकाला बाई करा," वाचनालयाचे अध्यक्ष बलभीमराव म्हणाले. "आन् उद्घाटन उद्या हाय, आजच करा."

मुजीबचा ब्रश हातातच राहिला. परंड्याच्या वाचनालयाची ही भिंत त्यानं जीव ओतून रंगवली होती. साऱ्या देशानं डोक्यावर घेतलेल्या एका जुन्या कादंबरीतला प्रसंग होता: लढाईच्या आदल्या संध्याकाळी दोन मित्र एकाच घोंगडीत बसलेत, एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर. लेखकानं त्यांना मित्र म्हटलं होतं. मुजीबला ते तेवढंच कधीच वाटलं नव्हतं. त्याचं आणि ग्रंथपाल शंभूचं जे वर्षानुवर्षं होतं, त्यालाही गावात नाव नव्हतं. म्हणून टेकलेल्याला त्यानं शंभूचा चेहरा दिला, खांदा देणाऱ्याला स्वतःचा. फेट्या-मिशांआड कुणाला कळणार, असं त्याला वाटलं होतं.

शंभू शेजारीच उभा होता, पांढराफटक पडून.

"साहेब, कादंबरीत तिथं बाई न्हाय," मुजीब म्हणाला.

"नसू दे. लेकीबाळी येत्यात हितं. जमत नसंल तर चुना मारून टाका."

"कुणाला करू?"

"ह्या टेकलेल्याला. पदर दिला की झालं." बलभीमराव निरखून बघू लागले. "ह्याला कुठं तरी बघितल्यावाणी वाटतंय."

शंभूनं मान खाली घातली. मिशा पुसल्या की तो चेहरा उघडा पडणार होता. शंभूची नोकरी याच माणसाच्या हातात होती.

"दुसऱ्याला करतो," तो घाईनं म्हणाला आणि शिडी मध्ये आणली. "दमलेला शिपाई बायकोच्या खांद्यावर टेकलाय. लोकांना पटंल."

बलभीमरावांना ते पटलं. ते गेले.

मुजीबनं स्वतःच्या मिशांवर रंग चढवला, कपाळी कुंकू रेखलं, डोक्यावर पदर घेतला. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण तेवढा पुसवेना, तो राहू दिला. शंभूनं शिडी धरली, पण नजर दाराकडंच ठेवली. मुजीबला त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी भाषणं झाली, टाळ्या पडल्या. माणसं पांगल्यावर वाचनालय झाडणाऱ्या सारजाबाई भिंतीपुढं थबकल्या.

"ह्या बाईची हनुवटी मुजीबभाईवाणी दिसतीया वो, शंभूसाहेब."

कोपऱ्यात ब्रश धुणाऱ्या मुजीबचे हात थांबले. अशा वेळी शंभू आजवर विषय बदलत आला होता.

"त्योच हाय," शंभू म्हणाला. "आन् टेकलाय, त्यो मी."

सारजाबाईंनी भिंतीकडं पाहिलं, मग दोघांकडं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि भिंतीखालची फुलं गोळा करायला वाकल्या.