लाल झाकणाची नळी

रक्तातलं औषध मोजणं हे माझं काम. मनाच्या आजाराची गोळी रात्री पोटात गेली, की सकाळी ती रक्तात किती आहे ते मी सांगते. एकवीस वर्षं झाली. डॉक्टर माझ्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला ताठाही होता. आमचा भांडारवाला मला तोंडावर 'हेडबाई' म्हणतो, मागे काय म्हणतो ते मी विचारत नाही.

त्या दोघी बहिणी महिन्यापूर्वी पहिल्यांदा आल्या. धाकटी कपडे शिवायची. उदासीने वर्षभर अंथरूण धरलं होतं, आता गोळ्या सुरू झाल्यावर उठून बसायला लागली होती. थोरली तिला हाताला धरून आणायची आणि तिच्या वाटचंही स्वतःच बोलायची. पहिला आकडा आला तो हवा होता त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. डॉक्टर म्हणाले, गोळ्या पोटात जात नाहीत. धाकटी म्हणाली, मी घेते. तिचं कोण ऐकतंय? थोरलीने गोळ्यांचा डबा ताब्यात घेतला. रोज रात्री स्वतःच्या हाताने गोळी जिभेवर ठेवायची, पाणी पाजायची आणि मग आ करायला लावून जिभेखाली बघायची.

दोन आठवड्यांनी दुसरा आकडा आला, तोही तेवढाच. आता डॉक्टरांनी ठरवलं, की हिचं शरीर औषध फार लवकर संपवतं. आजपासून गोळी दुप्पट. फक्त त्याआधी एकदा रक्त तपासून घ्या, म्हणाले.

सकाळी मी बाहेर डोकावले, तर थोरली मला गाठायला उभीच होती. "माझ्या डोळ्यादेखत गिळते हो. नंतर ओकून टाकत असणार," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आमच्या घरात असं खोटं कुणी बोललं नाही कधी."

बाकावर धाकटी कुणाच्या तरी झग्याची दुमड घालत बसली होती. शेजारी पाण्याच्या बाटलीचं झाकण, त्यात घोटभर पाणी. दोऱ्याचं टोक त्यात बुडवायची, चिमटीत पिळायची आणि सुईत ओवायला बघायची. मी विचारलं, ओठांनी का नाही ओलं करत? सगळ्या शिवणवाल्या तसंच करतात.

"तोंडात थुंकीच नसते," ती म्हणाली. "महिना झाला."

मी तिच्या कोरड्या ओठांकडे बघितलं. ही गोळी तोंड कोरडं पाडते, पण रक्तात चांगली भरलेली असेल तेव्हा. तिचं तोंड एक सांगत होतं आणि माझा आकडा दुसरंच.

आत आले आणि ट्रेमधल्या नळ्या बघितल्या. सगळ्यांची झाकणं पिवळी. पिवळ्या नळीच्या तळाला रक्तातलं पाणी वेगळं करणारा चिकट गोळा असतो. एरवी फार सोयीचा, पण ही औषधं तो हळूहळू पिऊन टाकतो आणि आकडा कमी दिसतो. म्हणून यांना साधी, लाल झाकणाची नळी लागते. दीड महिन्यापूर्वी लाल नळ्या संपल्या. मी भांडारवाल्याला चार शब्द सुनावले आणि मग म्हणाले, पिवळ्यांवर चालवून घेऊ थोडे दिवस. वर या तपासणीचं मशीन फक्त शुक्रवारी लावतो, तोवर तिचं रक्त दोन-दोन दिवस त्या चिकट गोळ्यावर पडून राहिलं होतं. आणि 'या औषधांना पिवळी नळी नको' ही चिठ्ठी कपाटावर आहे. माझ्याच अक्षरात.

शेजारच्या वॉर्डातून लाल नळी मागून आणली, रक्त घेतलं आणि शुक्रवारची वाट न बघता मशीन लावलं. दुपारी आकडा आला. चांगला वरच्या हद्दीपाशी. गोळी दुप्पट झाली असती, तर तिच्या हृदयावर बेतलं असतं.

डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दुप्पट गोळीची चिठ्ठी फाडली. पिवळ्या नळ्यांत ज्यांचं ज्यांचं रक्त गेलं, त्या सगळ्यांचं परत घेऊन तपासायचं, एवढंच म्हणाले. बहिणींना त्यांनी सांगितलं असतं, पण ते मीच सांगायला हवं होतं. बाकापाशी गेले आणि सांगितलं, की गोळ्या पोटात जात होत्या, पहिल्या दिवसापासून. चूक माझी होती.

 धाकटी माझ्यावर रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मलासुद्धा वाटायला लागलं होतं," ती म्हणाली, "की मी खोटंच बोलतेय. रात्री आ करताना वाटायचं, आज सापडेल गोळी जिभेखाली."

मग खाली मान घालून तिने दोरा पुन्हा झाकणातल्या पाण्यात बुडवला. टोक काही सुईत जाईना. थोरली बघत राहिली. मग तिने बहिणीच्या हातातून सुई-दोरा काढून घेतला, दोऱ्याचं टोक स्वतःच्या ओठांत धरून ओलं केलं, सुईत ओवलं आणि सुई परत तिच्या हातात दिली.