अकरा वैशिष्ट्यांची डबी

मी गोळ्यांची डबी बोलतेय. हो, तीच, झाकणं उखडलेली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग नीट ऐका.

माझ्या खोक्यावर अकरा वैशिष्ट्यं छापली होती. वारांचे सात कप्पे, निळा दिवा, गोड आवाजात आठवण, फोनवर संदेश, घट्ट खटक्यांची झाकणं आणि असंच बरंच काही. ती यादी वाचून मुलाने मला वडिलांसाठी घेऊन टाकलं. कुणाच्या तरी बोटांनी मला उघडायचं आहे, हे ना कारखान्यात कुणाच्या डोक्यात आलं, ना त्याच्या.

वडील निवृत्त बसचालक. सांधेदुखीने बोटं वाकडी झालेली. रविवारी सुनेने माझ्यात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या भरल्या आणि झाकणं खटाखट लावली. सोमवारी सकाळी आठला मी म्हणाले, "औषधाची वेळ झाली." बाबा खटक्याशी झटले. नखाने, मग चमच्याच्या टोकाने. मी ढिम्म. शेवटी वैतागून त्यांनी माझा आवाज बंद करायचं बटण दाबलं, आणि मी लगेच मुलाच्या फोनवर कळवलं, 'गोळी घेतली'. धडधडीत खोटं! मला बनवलंच तसं होतं, तरी लाज वाटायची ती वाटलीच.

असं पाच दिवस चाललं. शुक्रवारी बाबांना भोवळ आली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" बाबा मान खाली घालून बसले. मुलाने ऐटीत फोन पुढे केला. "रोज आठला! एक दिवस खाडा नाही." डॉक्टरांनी आणखी एक, जास्त जोरदार गोळी लिहून दिली.

ती भरायला सुनेने मला उघडलं. पाचही दिवसांच्या गोळ्या जागच्या जागी.

"अहो बाबा, बोलायचं नाही का?"

"काय बोलू? चाळीस वर्षं बस चालवली, आणि एक डबी उघडत नाही म्हणून सांगू?"

तिने आधी डॉक्टरांना फोन केला. नवी गोळी रद्द झाली. सून विजेची कामं करते, पकड कायम हाताशी. तिने माझी सातही झाकणं उखडली. त्यात दिव्याची तार तुटली, आवाजही गेला.

मुलगा धावत आला. "अगं, वॉरंटी गेली ना!"

"वॉरंटी डबीची होती. बाबांची कुणी दिली होती?"

आता मी टेबलावर एका हलक्या ताटलीखाली असते. बाबा ताटली सरकवतात, गोळी घेतात, वर पाणी पितात. वैशिष्ट्यं म्हणजे माझ्या अंगावर काय आहे. काम म्हणजे माझ्यामुळे बाबांच्या पोटात काय गेलं. एवढं कळायला मला मोडावं लागलं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

मुलगा आता अठरा वैशिष्ट्यांची, कॅमेरावाली डबी बघतोय म्हणे. खुशाल आणू दे. मी इथून हलणार नाही. ती आली की तिचा खोका वाचू नका, बाबांची बोटं बघा. तिला फोनवर काय कळवायचं ते कळवू दे. आज गुरुवार आहे, आणि माझे चार कप्पे रिकामे आहेत.