न फुटलेली काच

काच फुटली नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला खोटं ठरवायला नको. चार फूट उंच, तीन फूट रुंद, अर्धा इंच जाड, भट्टीत तावून कडक केलेलं तावदान. त्याला आजही तडा नाही. बहिणीच्या तेराव्यानंतर कितीतरी दिवस ते आमच्या पडवीत भिंतीला टेकवलेलं होतं आणि येणाराजाणारा त्यावर बोटं टेकवून बघत असे.

मी सोपान. चिंचवड स्टेशनाजवळच्या एका छापखान्यात जुळारी आहे. म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, त्यांची ओळ करायची, ओळींचं पान करायचं. लग्नपत्रिका, तमाशाच्या जाहिराती, कारखान्यांचे फॉर्म, जे येईल ते. इंग्रजी चार यत्ता शिकलो होतो, म्हणून इंग्रजी मजकूर आला की मालक तो माझ्याकडे सरकवत आणि मी त्याचं मराठी करत असे. या गोष्टीचा मला फार तोरा होता. चहाच्या दुकानात मी स्वतःला लेखक म्हणवून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

त्या वर्षांत पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले आणि सगळ्यांना खडी हवी झाली. आमच्या गावाच्या उगवतीला टेकडी होती, तिला मारुतराव ठेकेदाराने खाण लावली. दिवसातून दोनदा, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला, सुरुंगाचा बार उडे. त्याआधी खाणीचा माणूस लाल निशाण दाखवून तीन शिट्ट्या वाजवी. पहिल्या शिट्टीला गावातल्या बायका दारं-खिडक्या सताड उघडायच्या, म्हणजे दणका घरातून आरपार जाई आणि काही फुटत नसे. दुसऱ्या शिट्टीला उतरंडी खाली यायच्या. तिसरीला सगळी घरं रिकामी होऊन देवळापुढच्या लिंबाखाली, खाणीकडे पाठ करून बसायची. बार झाला की उठायचं, पदर झटकायचा आणि अर्धवट थापलेली भाकरी पुन्हा हातात घ्यायची. हे कुणी शिकवलं नव्हतं. वर्षभरात आपोआप अंगवळणी पडलं.

अडचण होती ती माझ्या बहिणीची. विमल माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं झालं, तेव्हा आईने रडून आकाशपाताळ एक केलं आणि विमल पुण्याला जाऊन सुईणीचं शिकून आली. गावाच्या कडेला एका दगडी इमारतीत चार खाटांचं प्रसूतिगृह निघालं, ते तिच्या हाती आलं. आसपासच्या गावांतल्या बायका तिला विमलबाई म्हणत आणि तिचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदलत असे. इमारतीला एकच मोठी खिडकी, तीही नेमकी टेकडीकडे.

आता तीन दिवसांच्या बाळंतिणीला कान बांधून, पोराला दुपट्यात गुंडाळून, भर उन्हात किंवा पौषाच्या वाऱ्यात लिंबाखाली न्यायचं, तेही दिवसातून दोनदा, हे कसं जमणार? विमल न्यायची. दोन बायका हाताशी घेऊन खाटेसकट उचलायची. एकीला रस्त्यातच पुन्हा रक्त जायला लागलं. विमल त्या दिवशी आमच्याकडे आली आणि न जेवता बसून राहिली. म्हणाली, खिडकी उघडली की वारं लागतं, नाही उघडली की काच फुटते, आणि घरात ठेवल्या तर काचा अंगावर. कुठून तरी ही एक खिडकी भक्कम झाली तर माझ्या बाया जागच्या हलायला नकोत. मला तिचा तो चेहरा अजून दिसतो.

आणि नेमके पंधरा दिवसांनी रंगराव आमच्या छापखान्यात आले.

रंगराव मुंबईच्या एका काचकंपनीचे एजंट. उन्हाळ्यातही कोट, तोंडात सुपारी आणि बोलणं असं, की समोरचा मान डोलवतच राही. काचेचं नाव त्यांनी ‘अभेद्य’ ठेवलं होतं. पिंपरी ते चाकण जिथे जिथे खाणी आणि कारखाने होते तिथे ती खपवायची होती. त्यांनी छापखान्यासमोर दोन विटांवर काच आडवी ठेवली, रस्त्याने चाललेल्या बबनराव सुताराला थांबवून त्याच्याकडून हातोडा मारवला. हातोडा उडाला, काच तशीच. दहा माणसं जमली होती, सगळ्यांनी आ वासला. त्यात मीही होतो, हे कबूल करायला हवं.

मग त्यांनी मला इंग्रजी कागद दिला आणि मराठी पत्रक करायला सांगितलं. मी दोन दिवस त्यावर बसलो. इंग्रजीत सगळं सुतकी भाषेत होतं, इतका दाब, तितकं वजन. मी त्यात जीव ओतला. ‘बार उडो, सुरुंग उडो, अभेद्य काचेला तडा नाही! आत निर्धास्त बसा!’ यातलं ‘निर्धास्त बसा’ मूळ कागदात कुठेच नव्हतं. ते माझं. रात्री सुचलं तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो होतो.

मूळ कागदात शेवटी एक ओळ होती. ही काच भिंतीत बोल्ट मारून पक्क्या केलेल्या लोखंडी चौकटीतच बसवावी, एरवी कंपनी कसलीही हमी देत नाही. ती ओळ मी जुळवली होती. पण पत्रक अर्ध्या कागदाचं, आणि ती ओळ काही केल्या पानात मावेना. रंगराव मागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“ती काढा, सोपानराव. ती सुताराच्या कामाची ओळ आहे. गिऱ्हाइकाला कशाला भिववता?”

काढायची झाली तर ‘निर्धास्त बसा’ काढता आलं असतं. तेवढीच जागा होत होती. मी ती शेवटची ओळ उचलली, खिळे सुटे केले आणि ज्याच्या त्याच्या खणात परत टाकले. पाच मिनिटांचं काम. हात धुतले आणि चहा प्यायला गेलो.

पत्रक घेऊन मीच विमलकडे गेलो. वाचता वाचता तिचा चेहरा उजळला. मग जरा थांबून तिने विचारलं, “दादा, तू लिहिलंयस म्हणून विचारते. बायांना बाहेर न्यायला नको ना मग?”

“छापलंय ना त्यात,” मी म्हणालो.

गावाने हातभार लावला आणि काच आली. बसवायला बबनरावच होता. जुनी सागाची चौकट, तिला आतून चार पट्ट्या, त्यावर ठोकलेल्या बारीक चुका, कडेने लांबीचा लगदा भरलेला, जसं साध्या काचेला करतात तसंच. काच उचलताना तो थबकला आणि मला म्हणाला, “दादा, लई जड हाय ही. चौकट जुनी हाय. पट्ट्या धरतील का?” तेव्हा मला ती ओळ आठवली. लख्ख आठवली. पण विमल बाजूलाच उभी होती, बाया खाटांवरून बघत होत्या, आणि ती ओळ मी का गाळली हे चारचौघांत सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, कंपनीवाल्यांना तुझ्याइतकं कळत नसेल का? बबनराव खाली मान घालून चुका ठोकायला लागला.

त्यानंतर चार महिने सगळं सुरळीत झालं. शिट्टी झाली की सगळा गाव लिंबाखाली जाई आणि प्रसूतिगृहातल्या बाया खिडकी बंद करून खाटांवर पडून राहत. बार झाला की काच नुसती हुंकारल्यासारखी होई. विमलने पत्रक भिंतीवर खिळ्याला लावून ठेवलं होतं. नवी बाई घाबरली की ती पत्रकाकडे बोट दाखवी. शेजारच्या गावांतूनही बाया मुद्दाम तिच्याकडे येऊ लागल्या. आईसुद्धा म्हणायला लागली, की पोरीचं नशीब उशिरा का होईना उघडलं.

पौषातल्या अमावस्येला खाण बंद राहिली. अमावस्येला खाणीतले लोक सुरुंगाला हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी मारुतरावांनी दोन्ही दिवसांचे बार एकदम भरायला लावले. बाराला तीन शिट्ट्या झाल्या. मी स्टेशनाजवळ छापखान्यात होतो, तिथे लाकडी खणांतले खिळे उडून जमिनीवर पडले. मालक हसून म्हणाले, मारुतराव आज टेकडीच घरी नेणार वाटतं. मीही हसलो.

काच फुटली नाही. पट्ट्या निघाल्या, चुका निघाल्या, आणि तावदान जसंच्या तसं, अखंड, आत आलं. विमल खिडकीकडे पाठ करून शालनबाई नावाच्या बाळंतिणीच्या कानाला फडकं बांधत होती. साधी काच असती तर तुकडे झाले असते, चार ठिकाणी कापलं असतं, टाके पडले असते. खिडकी उघडी असती तर काहीच झालं नसतं. लिंबाखाली असती तर ती पदर झटकून उठली असती. तावदानाची कड तिच्या मानेवर बसली आणि ते तिच्यासकट गादीवर पडलं. शालनबाई आणि तिची पोर वाचली. मी पोहोचलो तेव्हा चौघांनी काच उचलून बाजूला ठेवली होती आणि कुणीतरी ती फडक्याने पुसली होती. का पुसली, देव जाणे.

मी त्या दिवशी रडलो नाही. मला फक्त भीती वाटत होती. कुणी भिंतीवरचं पत्रक वाचेल, कुणी बबनरावाला विचारेल, कुणी माझ्याकडे बघेल. कुणी बघितलं नाही. बबनराव तेराव्यापर्यंत रोज येऊन ओट्यावर बसायचा आणि पुन्हा पुन्हा म्हणायचा, माझ्या चुका लहान पडल्या, दादा. मी त्याला म्हणू शकलो असतो, की बाबा, तुझी काही चूक नाही. मी त्याला तंबाखू दिली.

तेराव्यानंतर रंगराव आले. बरोबर फोटोग्राफर. त्यांनी आईसमोर हात जोडले, डोळे पुसले, आणि मग मला पडवीत बोलावून हळूच म्हणाले, वाईट झालं, फार वाईट झालं, पण काच बघा सोपानराव, एवढ्या दणक्यात ओरखडा नाही. एक फोटो हवा होता. तावदान जड, एकट्याने पेलवेना. त्यांनी एक कड धरली. दुसरी कुणीतरी धरायला हवी होती.

मी धरली. अंगणात उन्हात उभं राहून आम्ही दोघांनी ती काच फोटोग्राफरकडे तोंड करून उभी केली. आई आत चुलीपाशी होती. नवं पत्रक आमच्याच छापखान्यात निघालं, वर तो फोटो, खाली ‘चिंचवड येथील प्रचंड स्फोटात अभंग राहिलेली काच’. ते मी जुळवलं नाही, दुसऱ्याने जुळवलं. तेवढंच काय ते मी केलं. ‘आत निर्धास्त बसा’ मात्र त्यांनी ठेवलं होतं. शब्द चांगला होता.

महिन्याभराने प्रसूतिगृहातून विमलची ट्रंक घरी आली. दोन पांढरी लुगडी, कात्री, घड्याळ, आणि घडी घातलेलं ते जुनं पत्रक. आई अंबूबाई, तिला अक्षर ओळखता येत नाही. तिने कागद उलटसुलट केला आणि माझ्यासमोर धरला.

“हाच न्हवं तो कागद? भित्तीवर लावलेला? वाच बरं काय लिव्हलंय.”

मी वाचायला लागलो. बार उडो, सुरुंग उडो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. आई माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती. शेवटी ‘आत निर्धास्त बसा’ आलं, आणि आई तशीच बघत राहिली, अजून काहीतरी असेल म्हणून. त्या नजरेपुढे मला तो कागद तिथे संपवता आला नाही. मी बोट शेवटच्या ओळीवरच ठेवलं आणि कागदावर नसलेली, जिचे खिळे मी सुटे केले होते ती ओळ वाचली. ही काच भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी चौकटीतच बसवावी, एरवी हमी नाही. इतक्या महिन्यांनी ती ओळ पहिल्यांदा मोठ्याने कुणाला तरी ऐकवली, म्हणून क्षणभर मला हलकंही वाटलं.

आईने पत्रकावरून हात फिरवला.

“येवढं सपष्ट लिव्हलं व्हतं,” ती म्हणाली. “आन् विमलीनं वाचलं न्हाई? शिकलेली व्हती ना रं ती. रोज डोळ्याम्होरं व्हतं तिच्या.”

बोलायची वेळ तीच होती. बबनरावाच्या वेळी गेली, फोटोच्या वेळी गेली, आणि तरीही देवाने तिसऱ्यांदा दिली होती. आई माझ्याकडे बघत होती. उत्तर माझ्याजवळ होतं, माझ्याशिवाय कुणाजवळच नव्हतं.

मी कागदाची घडी घातली.

“घाईत राहिलं असेल तिचं,” मी म्हणालो.

आईने मान हलवली. आता ती गावात भेटेल तिला हेच सांगते, की पोरगी गुणाची होती, पण वाचण्यात चुकली, आणि त्यात तिचा जीव गेला.