आस्थापनेवरची बाई

“मावशी, त्या खुर्चीवरून उठा.”

भागीरथीने वर पाहिलं नाही. बतूलच्या उजव्या हाताची नखं कापायचं काम अर्ध्यावर आलं होतं. सामन्याआधी पंच नखं तपासतात, आणि या पोरीची नखं म्हणजे आज कापली की उद्या परत तयार.

“दोन बोटं ऱ्हायलीत,” ती म्हणाली. “मंग बोलू.”

“अहो, ही संघाच्या व्यवस्थापकाची खुर्ची आहे.” गळ्यात ओळखपत्र अडकवलेला कार्यकर्ता हे दुसऱ्यांदा सांगत होता.

“मंग बरोबर मानूसच बसलंय. मीच हाय व्यवस्थापक.”

“तेच तर! तुमच्यावर लेखी आक्षेप आलाय. टेबलाकडे बोलावलंय.”

बतूलने हात मागे घेतला. भागीरथीने तो पुन्हा ओढून घेतला, दोन्ही बोटं पुरी केली आणि मगच ती उठली.

नेरूळच्या त्या मैदानावर राज्य शालेय क्रीडा मंडळाच्या खो-खो स्पर्धा चालल्या होत्या. सतरा वर्षांखालच्या मुली, आठ विभागांचे आठ संघ. शाळेतल्या खेळांचं सगळं या मंडळाच्या हातात. कोणत्या तारखेनंतर जन्मलेली मुलगी खेळेल, शाळा बदलली तर किती महिने बाहेर बसेल, पाठीवरचा नंबर केवढा असेल, सगळं मंडळाच्या नियमपुस्तिकेत लिहिलेलं. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या शाळेचा संघ आधी शहरात, मग विभागात जिंकत पहिल्यांदाच इथवर पोचला होता. सकाळी त्यांनी घाटावरच्या एका निवासी शाळेला एका गुणाने हरवलं. आक्षेप त्याच शाळेने घेतला होता. उपांत्य सामना तीनला होता आणि आता दीड वाजला होता.

भागीरथी नामा कोळी ही दिवाळ्याच्या शाळेतली शिपाई. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झालेली. मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक असल्याशिवाय संघ मैदानात उतरू शकत नाही, हा मंडळाचा जुना नियम. अकरा वर्षांपूर्वी शाळेत तीन शिक्षिका होत्या. एकीचं मूल अंगावर पीत होतं, एकीला प्रवास सोसत नव्हता आणि तिसरीने सरळ नाही म्हटलं. पाण्याचा ग्लास हातात घेता घेता मुख्याध्यापक म्हणाले, “भागीरथीबाई, तुम्ही जाता का?” ते पाणी पिऊन व्हायच्या आत ती हो म्हणाली होती.

इतक्या पटकन का म्हणाली, ते तिने कुणाला सांगितलं नाही. ती नववीत असताना दिवाळ्याच्या मुली तालुक्यात पहिल्या आल्या होत्या. जिल्ह्याला जायचं तर बरोबर बाई पाहिजे होती. बाई मिळाली नाही. पोरींनी बॅगा भरल्या होत्या, त्या परत सोडल्या. पुढच्या वर्षी आईने तिला शाळेतून काढून मासळीच्या पाटीला लावलं.

मुख्याध्यापकांना हो म्हटल्यापासून दर वर्षी अंकुश सर अर्ज भरायचे. व्यवस्थापक: भागीरथी नामा कोळी. पद: शालेय कर्मचारी. अंकुश सर खेळाचे शिक्षक, सांगोल्याकडचे, खेळात हुशार पण कागदाला घाबरणारे. ते मैदानातलं बघायचे, भागीरथी बाकीचं. रत्नागिरीला एका पोरीला ऐन सामन्यात पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा भागीरथीने स्वतःच्या पदराचा आडोसा करून तिला बाहेर काढलं होतं, आणि सामना थांबवायला कुरकुर करणाऱ्या पंचांना ऐकवलंही होतं. पालघरला मुलींच्या खोलीला कडी नव्हती, तर ही दाराला पाठ लावून झोपली. यातलं काही कुठल्या अर्जात येत नाही.

टेबलाशी मंडळाच्या निरीक्षक राजलक्ष्मी मॅडम बसल्या होत्या. पुण्याहून आल्या होत्या. केस बारीक कापलेले, समोर नियमपुस्तिका, तिच्यात रंगीत खुणांच्या चिठ्ठ्या. बाजूला हरलेल्या संघाचे प्रशिक्षक अरविंद सर उभे होते. अंकुश सर आधीच पोचले होते आणि रुमालाने मान पुसत होते.

“बसा,” राजलक्ष्मी मॅडम म्हणाल्या. त्यांनी ‘बसा’ म्हटलं, हे भागीरथीने मनात टिपून ठेवलं. “तुम्ही शाळेत काय काम करता?”

“शिपाई हाय मी.”

“बघा,” अरविंद सर म्हणाले. “मॅडम, मला वैयक्तिक काही नाही. पण राज्याची स्पर्धा आहे ही. आमच्या व्यवस्थापक एम.पी.एड. झालेल्या आहेत. इथं झाडूवाल्या बाईला खुर्चीत बसवायचं, म्हणजे बाकीच्यांनी नियम पाळायचे कशाला?”

अंकुश सर खाली बघू लागले. भागीरथी मात्र अरविंद सरांकडेच बघत होती. माणूस वाईट वाटत नव्हता. सकाळी हरल्यावर त्याच्या पोरी ओक्साबोक्शी रडत होत्या आणि हा एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत फिरत होता, ते तिने पाहिलं होतं.

राजलक्ष्मी मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, मुलींचं नुकसान करायची माझी इच्छा नाही. तुमची शाळा जवळ आहे. तीनच्या आत एखादी शिक्षिका आणा, व्यवस्थापक बदलाचा अर्ज भरा. मी विषय मिटवते. अरविंद सर, चालेल?”

अरविंद सरांनी थोडा विचार केला. “चालेल की,” ते म्हणाले.

अंकुश सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भागीरथीला बाजूला घेतलं. “मावशी, सोनल मॅडमना मघाशीच फोन लावलाय म्या. रिक्षानं निघाल्यात. तुमी हितंच ऱ्हावा की, पोरींजवळ. निस्ती सही त्यांची. एका सहीनं काय बिघडतंय?”

मनस्वी, संघाची कप्तान, दोरीपलीकडून बघत होती. तिच्यामागे बाकीच्या अकरा जणी. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून भागीरथीला वाटलं, सोडून द्यावं. आपलं काय जातंय? पोरी खेळल्या म्हणजे झालं. सहा वर्षांनी निवृत्त व्हायचंय, कुठं नाव लागलं आणि कुठं नाही, याचा हिशेब ठेवणार कोण?

ती टेबलाकडे परत गेली.

“म्याडम, त्यो अर्ज दाखवता?”

मॅडमनी अर्ज पुढे सरकवला. भागीरथीने चष्मा लावला. अठ्ठावीस वर्षं शाळेतलं प्रत्येक परिपत्रक वर्गावर्गात फिरवून शिक्षकांच्या सह्या आणायचं काम तिचं. आणि न वाचता तिने एकही कागद कधी फिरवला नव्हता.

“हितं ‘बदलाचे कारण’ हाय. काय लिवायचं?”

“आधीची व्यवस्थापक अपात्र.”

“आस्सं.” भागीरथीने कागद खाली ठेवला. “मंग सकालचा सामना कोनाच्या सहीनं झाला? अपात्र बाईच्या. विभागाचा? त्यो बी. आज ह्यावर सही झाली, का उद्या सकालचा निकाल फिरवा म्हनून दुसरा अर्ज येल. व्हय ना सर?”

अरविंद सर मैदानावर मारलेल्या चुन्याच्या रेषेकडे बघत राहिले. राजलक्ष्मी मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग अर्जाकडे, आणि अर्ज हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

“मी बदली देनार नाय,” भागीरथी म्हणाली. “मना बाहेर काढायचं तं तुमी काढा. लेखी काढा. कंच्या नियमानं काढली ते लिवा. पन मी माझ्या हातानं मना अपात्र लिवनार नाय.”

“मावशी...” अंकुश सर कळवळून म्हणाले.

“सर, तुमी गप ऱ्हावा.”

अकरा वर्षांत ती अंकुश सरांना असं कधी बोलली नव्हती. मागून रिक्षातून उतरलेल्या सोनल मॅडम धापा टाकत आल्या. चोवीस-पंचविसाच्या, गेल्याच वर्षी लागलेल्या. त्या बोलायला गेल्या, पण सगळ्यांचे चेहरे बघून मागेच उभ्या राहिल्या.

“नियम वाचा म्याडम,” भागीरथी म्हणाली. “मोठ्यानं वाचा. बाविसावा हाय.”

राजलक्ष्मी मॅडमच्या कपाळावर आठी आली. कुणी त्यांना नियम वाचायला सांगितल्याचा प्रसंग बहुधा बऱ्याच वर्षांत आला नसावा. पण त्यांनी पान उलटलं आणि वाचलं. “मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक असणे अनिवार्य राहील. सदर व्यवस्थापक संबंधित शाळेच्या आस्थापनेवरील असावी.”

“आस्थापनेवरील म्हंजे?”

“म्हणजे शाळेच्या नोकरीत कायम असलेली.”

“मी हाय. माझं सेवापुस्तक हाय शालेत. शिक्षनाधिकाऱ्याची मान्यता हाय. बाई हाय आनि आस्थापनेवर हाय. आता शिक्षिका हा शब्द कुठं हाय, त्यो दाखवा.”

राजलक्ष्मी मॅडमनी नियम पुन्हा वाचला, या वेळी मनात. मग पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “नाही आहे तसा शब्द.”

“पण मॅडम, उद्देश तर तोच आहे ना!” अरविंद सर म्हणाले. “शिपायाला व्यवस्थापक करा असा उद्देश असतो का कुठं?”

“सर, मला उद्देशावर सही करता येत नाही. आक्षेप फेटाळते आहे.” त्यांनी लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता वर न बघता म्हणाल्या, “यंदा नाही तो शब्द. एवढंच.”

भागीरथीला ते नीट ऐकू आलं. पण आता तीनला चाळीस मिनिटं होती आणि चार पोरींची नखं राहिली होती.

मैदानात मनस्वीने विचारलं, “मावशी, काय झालं? आपन खेळतोय ना?”

“खेलताव. आनि रडत खेललाव तं बघा.”

त्या चांगल्या खेळल्या. मनस्वी एका डावात सव्वातीन मिनिटं पळत राहिली, बतूलने खांबाशी दोन गडी टिपले. पण समोरच्या मराठवाड्याच्या मुली वाऱ्यासारख्या होत्या. दोन गुणांनी सामना गेला. तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना मात्र दुसऱ्या दिवशी यांनी जिंकला आणि दिवाळ्याच्या शाळेला पहिल्यांदाच राज्याचं पदक मिळालं.

प्रमाणपत्रं भरायला राजलक्ष्मी मॅडम स्वतः बसल्या होत्या. भागीरथीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यांचं पेन थांबलं.

“पद काय लिहू? शालेय कर्मचारी?”

“शिपाई लिवा.”

“नुसतं व्यवस्थापक लिहिलं तरी चालतं.”

“दोन्ही लिवा म्याडम. शिपाई आनि व्यवस्थापक. मी दोन्ही हाय.”

मॅडमनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं, टपोऱ्या अक्षरात.

पुढच्या वर्षी जुलैत मंडळाचं परिपत्रक आलं. ऑफिसातल्या प्रिंटरमधून कागद निघाला तो भागीरथीच्याच हातात. नियम बावीस, सुधारित. ‘सदर व्यवस्थापक संबंधित शाळेच्या आस्थापनेवरील शिक्षिकाच असावी.’ शिक्षिका या शब्दाला ‘च’ लावलेला. तिने ऑफिसच्या दारात उभं राहून ते दोनदा वाचलं. मग सूचनावहीला टाचणी लावून नेहमीसारखी वर्गावर्गात निघाली. आठवीत गणित चालू होतं, सरांनी न वाचताच सही केली. नववीत अंकुश सरांनी वाचलं आणि सही करायला त्यांचा हात उठेना.

“करा सर,” ती म्हणाली. “मंडलाचं हाय.”

मधल्या सुट्टीआधी सोनल मॅडम तिला शोधत पाण्याच्या टाकीपाशी आल्या. “मावशी, एक आयडिया आहे. नाव माझं लावू, जा तुम्हीच. कोण चेक करतंय? मला खरंच जमणार नाही ओ तुमच्यासारखं.”

“नाय म्याडम. नाव तुमचं तं तुमीच जायचं. चोरून काय जायचं? अकरा वर्सं मी माझ्या सहीनं गेले.” मग जरा थांबून म्हणाली, “जमंल तुमाला. काय काय लागतं त्ये मी सांगेन. पयले दिवशी पोरींच्या खोलीची कडी बघायची. मंग बाकीचं.”

सोनल मॅडमनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याचं काय करायचं हे भागीरथीला सुचेना, म्हणून तिने टाकीचा नळ उगाच घट्ट केला.

त्या रविवारी तिने पत्र लिहिलं. तिचा नवरा नामा जाळं विणत अंगणात बसला होता, त्याने दोनदा विचारलं, कोनाला लिवतंस? तिने सांगितलं नाही. तीन कागद फाडले, चौथा ठेवला. सोमवारी तो मुख्याध्यापकांसमोर धरला.

नियम बावीसमधला ‘शिक्षिकाच’ हा शब्द काढावा. ज्या शाळेत शिक्षिका जाऊ शकत नाहीत तिथल्या मुली घरी बसतील. अशा मुली मी पाहिल्या आहेत, मी त्यांतली एक आहे. खाली सही आणि तारीख.

मुख्याध्यापकांनी सगळं वाचलं. चष्मा काढून पुसला. “भागीरथीबाई, मंडळ एका पत्राने नियम बदलणार आहे का?”

“नाय बदलू दे. त्यांच्या फायलीत तं ऱ्हाईल.”

“माझ्या शेऱ्यासकट पाठवायचं म्हणजे उद्या ते मलाच विचारतील.”

“मंग तुमी सांगा, मीच लिवलंय. मना विचारा म्हनावं.”

शेवटी त्यांनी कोपऱ्यात ‘योग्य कार्यवाहीसाठी सादर’ एवढंच लिहिलं. जावक रजिस्टर भागीरथीने स्वतः काढलं, पुढचा नंबर टाकला, शिक्का मारला आणि पत्र लिफाफ्यात घालून ती बेलापूरच्या पोस्टाकडे निघाली.

पोस्टात रांग होती. पुढे दोघे जण आधार कार्डाचं काहीतरी घेऊन अडून बसले होते. आपला नंबर येईपर्यंत ती उभी राहिली, पावती हातात पडल्यावर तिच्यावरचा पत्ता अक्षर-अक्षर तपासला, ‘पुणे’ बरोबर आहे ना ते पाहिलं, आणि पावती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. परत येताना खाडीकडून वारा येत होता. शाळेच्या कोपऱ्यावर तिने घड्याळ पाहिलं. मधल्या सुट्टीची वेळ होऊन गेली होती. आतून पोरांचा गलका येत होता, बाकं बडवली जात होती. तिच्याशिवाय घंटा द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

भागीरथीने चाल वाढवली नाही. फाटक उघडलं, आत येऊन लावलं, चपला बाजूला काढल्या आणि मग घंटा दिली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवशी मधली सुट्टी सहा मिनिटं उशिरा झाली.