अर्जदार वर, सामनेवाला खाली

“बाई, तुमचा घटस्फोट काही सापडत नाही.”

हरवलेल्या छत्रीबद्दल सांगावं इतक्या सहज रामकिसनबाबूंनी हे सांगितलं. कौटुंबिक न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. या खिडकीशी येऊन माणसं काय काय शोधतात, याचं त्यांना आता नवल वाटत नसे.

“नीट बघा ना सायेब,” सुरेखा म्हणाली. “दोन हजार सहा. उन्हाळा व्हता.”

“उन्हाळ्याचं वेगळं रजिस्टर नसतं. सहा बघितलं, पाच बघितलं, सात-आठसुद्धा बघितलं. राजेंद्र पुंजाराम दांडगे या इसमानं या कोर्टात कुणालाही सोडलेलं नाही. तुमच्याकडं काही कागद?”

सुरेखानं प्लास्टिकच्या पिशवीतून स्टॅम्प पेपर काढला. घड्यांवर तो फाटला होता. तिनं मागून चिकटपट्टी लावली होती. रामकिसनबाबूंनी तो मोठ्यानं वाचला. ‘उभयतांचे स्वभाव जुळत नसल्याने व मुलीस भाकरी नीट थापता येत नसल्याने सोडचिठ्ठी लिहून देत आहे.’ खाली राजेंद्रची सही, तिच्या वडिलांची, सर्जेरावांची, थरथरती सही आणि नोटरीचा गोल शिक्का.

“हे कुठं झालं?”

“हितंच की. कोर्टात.”

“कोर्टात म्हणजे कुठं?”

सुरेखानं खिडकीबाहेर बोट केलं. आवारात लिंबाचं झाड होतं. त्याखाली एक टेबल, एक टायपिस्ट आणि काळ्या कोटातली दोन माणसं चहा पीत उभी होती.

“त्या लिंबाखाली.”

“बाई, लिंबाखाली लिंबोळ्या मिळतात, डिक्री नाही मिळत.” रामकिसनबाबूंनी कागदाची घडी जुन्याच रेषांवर घातली. “इसकी कोई कीमत नै. तुम्ही आजही त्यांच्या बायको आहात.”

सर्जेरावांची यात काही चूक नव्हती. कोर्टाच्या आवारात, काळ्या कोटातल्या माणसासमोर, गोल शिक्क्यासह जे होतं ते कोर्टात होतं, असं त्यांच्या सगळ्या गावाचंच मत होतं. त्याच लिंबाखाली त्या गावाचे आणखी तीन घटस्फोट झाले होते.

खरं तर सुरेखा आली होती ती आधार कार्डापायी. जुन्या कागदांवरून कार्डावर उतरलेलं राजेंद्रचं नाव काढून तिला बापाचं लावायचं होतं. केंद्रातली मुलगी म्हणाली, डिक्री आणा. मधल्या काळात शहराचं नाव बदललं, स्टेशनाचं बदललं, पाट्या बदलल्या. सुरेखा तेवढी जुन्या नावानं राहिली होती.

“मग सायेब, त्यांनी दुसरं लगीन केलं ते?”

“ते झालंच नाही म्हणायचं. वऱ्हाड जेवून गेलं, एवढंच.”

इथे तिला रडू यायला हवं होतं. समोर बाकावर बसलेल्या बाईनं त्या तयारीनं पाण्याची बाटलीही पुढे केली. पण सुरेखाला आलं हसू. ते तिनं पदरात दाबलं आणि विचारलं, “सायेब, मला सोडायचं असंल तर?”

रामकिसनबाबूंनी अर्जाचा नमुना सरकवला. “अर्जदार वर, सामनेवाला खाली. वकील नसला तरी चालतं.” मग पेन दिलं, टोपण मात्र मुठीत ठेवलं. “टोपण माझ्याकडं राहिलं की पेन माघारी येतं. नाहीतर या कोर्टातून जे जातं ते परत नांदायला येत नाही.”

सुरेखानं पेन परत केलं आणि नमुना पिशवीत ठेवला. भरायच्या आधी तिला एका ठिकाणी जाऊन यायचं होतं.

शहागंजात, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर राजेंद्रचं ‘सातजन्म वधू-वर सूचक केंद्र’ होतं. दारावर पाटी होती : ‘घटस्फोटितांनी डिक्रीची सत्यप्रत आणल्याशिवाय नोंदणी होणार नाही. फसवणूक टाळा. – संचालक.’ सुरेखानं पाटी दोनदा वाचली. वाळूजच्या कंपनीत ती तपासणीच्या टेबलावर होती. एकोणीस वर्षं रोज मापाच्या गेजमध्ये नग घालून बघायचा, बसला तर हिरवी पेटी, नाही बसला तर लाल. लाल पेटीतल्या नगाला चिठ्ठी लावायची आणि चिठ्ठीवर कारण लिहायचं. वाचताना घाई न करण्याची सवय तिला तिथेच लागली होती.

“नाव नोंदवायचंय,” ती म्हणाली.

राजेंद्र मोबाइलमध्ये बघत होता. “प्रथम की पुनर्विवाह?”

“पुनर्विवाह.”

“डिक्रीची सत्यप्रत?” त्यानं वर न बघताच हात पुढे केला.

“तीच तर सापडंना. तुमी कुठं ठिवली?”

आता राजेंद्रनं वर बघितलं. त्याचे केस गेले होते, पण कपाळावरची आठी तीच होती. तो उठला, दार लावलं आणि परत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला.

“सुरेखा? तू हितं कशाला?”

“कोर्ट म्हणतंय, मी तुमची बायको हाये. म्हणलं, नांदायला यावं.” तिनं हातातली पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत जेवणाचा डबा आणि कंपनीचे बूट होते, पण ते राजेंद्रला ठाऊक नव्हतं. त्या पिशवीकडे तो नाग बघावा तसा बघत राहिला.

“हे बघ, येड्यासारखं करू नको. परस्पर संमतीनं करून टाकू. दोघांनी सह्या करायच्या, काही महिन्यांत मोकळं. कुणाला कळायचंबी नाय.”

“त्यात कुणी कुणाला सोडलं ते लिवत्यात का?”

“नाय, दोघांनी मिळून. इज्जतीचं काम.”

“मग नको.”

“अगं पण का?”

सुरेखानं पिशवी उचलली. “एकोणीस वर्सं झाली. कुणाच्या हळदीला गेले का बाया ताट बाजूला घेत्यात. भावजय पाव्हण्यांना सांगती, ही नवऱ्यानं सोडलेली. मला कागद पायजे. सुरेखानं राजेंद्रला सोडलं, असं लिवलेला. कारणासहित.”

“कारण काय देणार तू?”

“भाकरीचं नाय देणार. घाबरू नका.”

तिनं अर्ज भरला. त्यासाठी स्वतःचं निळं पेन घेतलं. पण समन्स काही बजावलं जाईना. बेलीफ सांडू दोनदा शहागंजात जाऊन आले आणि दोन्ही वेळा ‘सामनेवाला बाहेरगावी’ असा शेरा मारून परतले. तिसऱ्यांदा तेच तिला म्हणाले, “बाई, मला काय त्यांची ओळख? माणूस माझ्यासमोर बसून ‘साहेब बाहेरगावी गेलेत’ म्हणतो. तुम्ही संगं या अन् बोटानं दाखवून द्या.”

बजाजनगरच्या चौकात तेव्हा एक फलक लागला होता : सातजन्म परिवाराचा भव्य परिचय मेळावा. राजेंद्र हात जोडून, शेजारी त्याची दुसरी बायको दीपमाला, तीही हात जोडून. तारीख शनिवारची. सुरेखानं आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. दुसरा आणि चौथा शनिवार कोर्टाला सुट्टी. हा तिसरा होता. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

मंगल कार्यालयात चारशे माणसं होती. पुढच्या रांगांत मुलींच्या आया परिचयपत्रं छातीशी धरून बसल्या होत्या. मंचावर दीपमाला ताटातून गुलाब वाटत होती आणि राजेंद्र माइकवरून सांगत होता, “विवाह म्हंजे विश्वास! कागदपत्रं तपासल्याबिगर आमी पुढं जातच नाय!”

“दाखवा बाई,” सांडू म्हणाले.

सुरेखानं हात पूर्ण लांब करून बोट दाखवलं. ते बोट खाली घ्यायची तिला अजिबात घाई नव्हती.

सांडू सावकाश मंचावर चढले. आपण माइकजवळ उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलंही असेल. “राजेंद्र पुंजाराम दांडगे आपणच ना? आपली पत्नी सुरेखा यांनी आपल्यावर घटस्फोटाचा अर्ज दाखल केलाय. समन्स आहे. सही करा.”

‘पत्नी’ हा शब्द कार्यालयाच्या आठही स्पीकरांतून गेला. दीपमालानं हाक मारल्यासारखं वळून बघितलं.

“हे... हे दुसऱ्या कुणाचं तरी असंल,” राजेंद्र म्हणाला.

“नाव हेच, बापाचं नाव हेच. घेतलं नाही तर मला तुमच्या दारावर चिकटवावं लागंल, दोन पंचांच्या सह्या घेऊन.” सांडूंनी समोर नजर टाकली. “पंच तर इथं चारशे बसलेत.”

राजेंद्रनं सही केली. पुढच्या रांगेतल्या एका आजीनं मोठ्यानं विचारलं, “आगं, ह्या बाबाची डिक्री कुणी बघितली व्हती का?” आणि मग एकेक आई उठून आपापलं परिचयपत्र परत मागू लागली. पाच मिनिटांत मंचापाशी रेशन दुकानासारखी रांग लागली.

सुरेखानं हे सगळं मागच्या खुर्चीवरून बघितलं, एकही क्षण न चुकवता. नंतर ती पंगतीला बसली, मसालेभात दोनदा घेतला आणि जिलबी मागून घेतली. तिच्या स्वतःच्या लग्नात तिला धड जेवता आलं नव्हतं. निघताना तिची नजर मंचाकडे गेली. दीपमाला गुलाबाचं ताट घेऊन तशीच उभी होती. गुलाब आता कुणी घेत नव्हतं.

दहा महिन्यांनी शिपायानं पुकारा केला, “सुरेखा दांडगे विरुद्ध राजेंद्र दांडगे!” मधला शब्द तिला फार आवडला. राजेंद्रनं हरकत घेतली नाही. त्याच्या केंद्रावर आता ‘विवाहपूर्व समुपदेशन’ अशी नवी पाटी होती, आणि डिक्रीची ओळ तेवढी रंगानं बुजवली होती.

सत्यप्रत रामकिसनबाबूंनी दिली. ती तिनं बाकावर बसून वाचली. अर्जदार वर होती, सामनेवाला खाली होता. कारणाच्या ठिकाणी लिहिलं होतं की सामनेवाल्यानं अर्जदाराचा सबळ कारणाशिवाय त्याग केला. भाकरीचा कुठेच उल्लेख नव्हता. ती ओळ तिनं बोट फिरवत पुन्हा वाचली. लाल पेटीतल्या नगाला अखेर चिठ्ठी लागली होती.

“ताई, हितं लग्नं शोधून देत्यात का?”

सुरेखानं मान वर केली. दीपमाला होती. काखेत लग्नाचा जाडजूड अल्बम, हातात अर्जाचा तोच नमुना. फलकावरच्यापेक्षा ती बरीच लहान दिसत होती.

तिला सुनावायचं एक वाक्य सुरेखाकडे एकोणीस वर्षं तयार होतं. शिफ्टच्या बसमध्ये ती रोज ते घासून-पुसून ठेवायची. आता बोलायला हरकत नव्हती. माणूस समोर होतं, वेळही होता. दीपमालानं तिला ओळखलं होतं. ती वाट बघत उभी होती.

सुरेखानं बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. दीपमाला शेजारी बसली.

“अर्जदार वर लिवायचं. सामनेवाला खाली.”

“ते बाबू म्हणले, माझं लगीन झालंच नाय.” दीपमालानं अल्बम उघडला नाही, नुसता धरून ठेवला. “मग वर काय लिवू? दांडगे लिवू का नको?”

“बापाचं नाव काय तुझ्या?”

“एकनाथ.”

“मग ते लिव. बाकीचं कोर्ट बघंल.”

दीपमालानं नमुना गुडघ्यावरच्या अल्बमवर पसरला आणि आजूबाजूला बघितलं. “पेन नाय, ताई.”

सुरेखानं पिशवीतून निळं पेन काढलं. रामकिसनबाबूंसारखं टोपण काढून मुठीत घेतलं. तिच्या शिफ्टच्या बसला पाऊण तास होता, आणि ‘बाबा पेट्रोल पंप’ थांब्यापर्यंत चालत जायचं होतं. दीपमालानं हात पुढे केला.

सुरेखानं टोपण पेनाच्या मागं नीट बसवलं आणि पेन तिच्या हातात दिलं. मग सत्यप्रत पदराखाली धरून ती जिना उतरली. लिंबाखालून जाताना टायपिस्टनं सवयीनं विचारलं, “काय काम, बाई?” ती म्हणाली, “झालं,” आणि न थांबता फाटकाबाहेर पडली.